तरवा आणि तम्मा

मुडशिंगीत एस.टी.तून उतरून कुणालाही अक्काताईचा मळा विचारला, की वाट सांगायच्या आधी माणूस तुम्हालाच विचारायचा, "पावणं, वाफा तयार करून आलाय न्हवं? न्हायतर हिथनंच माघारी फिरा." ही चेष्टा नव्हती. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एक डॉक्टरीणबाई शेवंतीच्या रोपांसाठी रिक्षा करून आल्या होत्या. अक्काताईनं त्यांना बांधावरच उभं केलं. माती कधी खणली, शेणखत कधी घातलं, पाणी कोण घालणार, सगळं विचारून घेतलं आणि रिकाम्या बुट्टीनिशी परत पाठवलं. बाई तणतणत गेल्या आणि पंधरा दिवसांनी वाफा करून मुकाट्यानं आल्या. अक्काताईचं म्हणणं सरळ होतं. तरवा म्हणजे तरी काय, बी टाकून वीतभर वाढवलेलं रोप. आपण वाढवायचं आणि दुसऱ्याच्या मातीत द्यायचं. लेक देताना माणूस घर बघतो, मग रोप देताना वाफा बघितला तर बिघडलं कुठं?

मळा ओढ्याच्या कडेला, सव्वा एकराचा. मृगाला मिरची-वांगी, श्रावणात झेंडू, दसऱ्याच्या मागंपुढं कोबी-फ्लॉवर, अशी वर्षभर तरव्याची रांग लागलेली. घरात काय कधी घडलं, ते अक्काताईला तारखेनं सांगता यायचं नाही. थोरल्या चुलतभावाचं लग्न दोडक्याला फूल लागलं तेव्हाचं. आजी गेली तेव्हा हरभरा घाट्यावर होता. तिचं स्वतःचंही तसंच. चौदाव्या वर्षी तिला निपाणीकडं दिली, सतराव्या वर्षी ती कपाळ पुसून परत आली. नवरा चार दिवसांच्या तापानं गेला होता. त्याविषयी कुणी विचारलंच तर ती एवढंच म्हणायची की तंबाखूची लावण चालली होती.

त्याच वर्षी, कोबीचा गड्डा भरत आला असताना, तिची आई गेली. मागं राहिला दोन वर्षांचा शांतिनाथ. आमच्याकडच्या जैनांच्या घरात निम्मी नाती कानडीत असतात, धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. अक्काताईनं त्याला कडेवर घेतला तो तम्मा म्हणून, आणि पुढं त्याचं खरं नाव शाळेच्या मास्तरांखेरीज कुणी घेतलं नाही.

वडील अण्णासो मोजकं बोलणारे. लेक आठ दिवस भिंतीकडं तोंड करून बसलेली बघितली आणि नवव्या दिवशी बियाण्याची गाडगी तिच्यापुढं आणून ठेवली. विधवेच्या हातानं बी टाकायचं, म्हणून भावकीत कुजबुज झाली. बोलणाऱ्याच्या तोंडाला काय, झाकण थोडंच असतं. त्या वर्षीचा मिरचीचा तरवा असा फुटला, की कुजबुजणारेच सकाळी पहिल्यांदा बुट्ट्या घेऊन बांधावर आले.

तम्मा त्या वाफ्यांच्या कडेलाच वाढला. सावलीत पोतं अंथरलेलं, त्यावर हा, आणि हाताच्या अंतरावर अक्का खुरपं घेऊन. जरा मोठा झाला तसा मागं मागं फिरू लागला, पाटात दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी प्यायला शिकला. पौषात ओला हरभरा आला की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. डहाळं मुळासकट उपटून आणायचा, काटक्यांच्या जाळावर भाजायचा, आणि हावळा खाऊन तोंड असं काळं करायचा की अक्काला त्याला धरून विहिरीवर घासावं लागायचं. ती त्याला बोलबोल बोलायची. तिचं बोलणं आणि तिचा जीव, दोन्ही त्याच्यावरच खर्च व्हायचं.

तम्मा तेवीस वर्षांचा झाला आणि सत्तर सालच्या वैशाखात त्याचं लग्न ठरलं. मुलगी हातकणंगल्याकडची, बघणं झालं, सुपारी फुटली. आता या घराची एक रीत होती. घरचं लग्न असलं की पंगतीची भाजी बाजारातून आणायची नाही, आपल्या मळ्यातली आणायची. तीही अशी, की लग्नाच्या आठवड्यात सगळी एकदम तोडायला यावी. अक्काताईनं वैशाखातल्या त्या दिवसापासून बोटांवर मागं मोजत आणलं. लाल भोपळ्याला शंभर दिवस, म्हणून त्याचं बी सगळ्यांच्या आधी. मग दुधी, मग गवार, सगळ्यांत शेवटी काकडी. पाहुण्यांनी पंगतीत भोपळ्याची भाजी तोंडात घातली की विचारावं, ही कुठली, आणि अण्णासोंनी सांगावं, आमच्या अक्काताईच्या हातची, एवढंच तिचं स्वप्न होतं. स्वतःच्या लग्नातलं तिला काही आठवत नव्हतं. हे लग्न ती दोघांचं मिळून करत होती.

काकडीचं बी पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तम्मा सीमेपलीकडच्या एका गावाला पंचकल्याणक पूजेला गेला. चार दिवसांसाठी गेलता, बारा दिवसांनी आला, आणि अण्णासोंच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला की मी तिथं आलेल्या मुनिमहाराजांच्या संघाबरोबर जाणार. अण्णासोंनी त्याला उठवून बसवलं. मग म्हणाले, धर्माच्या वाटंला बापानं आडवं पडू नये. अक्काताई पडवीत उभी राहून ऐकत होती. बापाचा असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. तम्माला ती एवढंच म्हणाली, "भोपळा लावलाय रे तुझ्या लग्नाचा." तम्मानं मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

भाजी कुणासाठी थांबत नसते. वैशाखात, ठरलेल्या आठवड्यात, सगळी एकदम तोडायला आली. तिचा हिशेब एका दिवसानंसुद्धा चुकला नाही, आणि तेच तिला सोसवेना. नबीलाल बागवान तिच्या मळ्यातला माल सायकलीवरनं कोल्हापुरात मंडईला न्यायचा. त्याला तिनं सगळा वाफा मोकळा करून न्यायला सांगितलं. नबीलालनं विचारलं, घरात एखादा भोपळा ठेवू का. तिनं नको म्हणून सांगितलं आणि तो जाईपर्यंत पाठ वळवून उभी राहिली.

तीन वर्षांनी तम्मानं मुनिदीक्षा घेतली. अंगावरचं सगळं उतरवलं, डोक्याचे केस स्वतःच्या हातानं उपटले, आणि त्याला पाच अक्षरांचं नवं नाव मिळालं. अण्णासो सोहळ्याला जाऊन आले, अक्काताई गेली नाही. मिरचीचा तरवा पडलाय म्हणाली. ते नवं नाव काही केल्या तिच्या जिभेवर बसेना. मग ती महाराज म्हणू लागली, आणि मनात तम्मा. पुढं अण्णासोही गेले. घर आणि मळा तिच्यावर पडला, शेजारच्या चुलत भावजयीची, सीताबाईची, सोबत तेवढी उरली. महाराज कधी कर्नाटकात, कधी गुजरातेकडं, कधी कुठं असल्याचं बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, माणसांकडून कळायचं. पौष आला की ती हरभऱ्याचा एक वाफा न तोडता ठेवायची. कुणासाठी ठेवतीस, असं सीताबाईनं एकदा विचारलं, तर अक्काताई तिच्यावर खेकसली. खरं उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीत नबीलाल दुपारीच मंडईतनं माघारी आला. सायकल न लावताच ओरडला, "अक्काताई, तुमचं महाराज इचलकरंजीच्या वाटंला हायत. परवा हितं येत्यात. दोन दिस राहणार म्हणं." तेरा वर्षांत अक्काताईनं देवापाशी एकच गोष्ट मागितली होती. तो परत यावा असं ती मागत नव्हती, तेवढं धर्माचं तिला कळत होतं. एकदा, एकदाच, त्यानं आपल्या हातचं खावं, एवढंच ती मागत होती.

आता ते मागणं किती अवघड, हे सांगायला हवं. आमचे दिगंबर महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात. उभ्यानं घेतात, जोडलेल्या हातांच्या ओंजळीत. बस्तीतून निघताना मनात एखादी खूण धरतात आणि ती कुणाला सांगत नाहीत. दारादारांत माणसं अंघोळ करून, धुतल्या कपड्यांनी, अन्नपाणी तयार ठेवून उभी असतात. कुणाच्या हातात कळश, कुणाच्या नारळ, कुठं नवरा-बायको जोडीनं. महाराजांच्या मनातली खूण जिथं दिसेल तिथं ते थांबतात. कुठंच दिसली नाही तर उपाशी परत जातात, आणि मग पाणीसुद्धा दुसऱ्याच दिवशी. त्यामुळं महाराज गावात आले की प्रत्येक घर आपापल्या परीनं खूण ओळखायला बघतं.

अक्काताईला ओळखायची गरजच वाटली नाही. तेरा वर्षांनी येतोय, पौषात येतोय, मळ्यात घाटे भरलेत. दुसरं काय धरणार तो मनात? पहिल्या दिवशी उजाडताना ती मळ्यात गेली, त्याला आवडायचा तसा भरलेला डहाळा मुळासकट उपटला, घरी येऊन अंघोळ केली आणि तो हातात धरून दारात उभी राहिली.

महाराज गल्लीत वळले. आहाराला निघालेले मुनी ठेवतात तशी उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. अंग वाळून काटकी झालं होतं, पण डावा पाय किंचित बाहेर टाकायची चाल तीच होती. अक्काताई ठरलेले शब्द म्हणाली, नमोस्तु स्वामी, थांबा, आहार-पाणी शुद्ध आहे. महाराजांनी एकवार तिच्या हाताकडं पाहिलं आणि ते पुढं गेले. तिथनं पुढच्या चौथ्या घरी थांबले.

बस्तीचे उपाध्ये मागून येत होते. ते म्हातारे, तोंडानं फटकळ, पण अक्काताईला लहानपणापासून बघत आलेले. तिच्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "हातात उपटलेलं हिरवं, मुळाला ओली माती. जीव तोडून हातात धरलास आणि आहार शुद्ध म्हणतीस? पोरी, तू महाराजांना बोलवत न्हाईस. तू तम्माला बोलवतीस. त्यो आता कुठं न्हाय."

जैनाच्या घरात जन्मलेल्या बाईला ही गोष्ट सांगावी लागते, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. मुनीपुढं तोडलेलं हिरवं घेऊन उभं राहू नये, हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तीच, रोप देताना लोकांना शंभर नियम सांगणारी, तीच चुकली होती.

दुपारी ती बस्तीत गेली. संघाबरोबर एक ब्रह्मचारी होते, महाराजांच्या आहाराची व्यवस्था बघणारे. महाराजांना काय चालतं, म्हणून तिनं विचारलं. ब्रह्मचाऱ्यांनी सांगितलं की मीठ सोडलंय, गूळ सोडलाय, तेल सोडलंय, आणि हिरवं सगळं सोडलंय, भाजी नाही, फळ नाही. किती दिवसांसाठी, तिनं विचारलं. जन्मभर, ते म्हणाले.

ती तशीच घरी परतली. तेरा वर्षं प्रत्येक वाफ्यात त्याला आठवून तिनं बी टाकलं होतं, आणि त्यातलं एक पान त्याला चालणार नव्हतं. तिला राग आला, देवाचा नाही, त्याचाच. सोडायचं तर साखर सोड, दूध सोड, अक्काच्या मळ्यातलं पान न् पान सोडायला ते काय वाईट होतं? सीताबाईपाशी ती हे सगळं फडाफडा बोलली. सीताबाई बिचारी तांदूळ निवडत ऐकत राहिली. मग म्हणाली की शाळू तरी चालतोय न्हवं, आपल्या विहिरीवरच्या तुकड्यातला. अक्काताई तेवढ्यावर उठली आणि जात्याकडं गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओळखाओळखी केली नाही. विहिरीचं पाणी गाळून उकळलं, दूध तापवलं, सोवळ्यात घरी दळलेल्या शाळूची बिनमिठाची भाकरी केली, मुगाचं पाणी केलं. पांढरं धुतलेलं लुगडं नेसली आणि सगळ्या गल्लीसारखी साधा कळश घेऊन उभी राहिली. आजचा दिवस शेवटचा होता, दुपारनंतर महाराज पुढच्या गावाला निघणार होते. ते वळले. पहिली तीन दारं मागं पडली. तिच्या दारापुढं आले आणि थांबले.

खूण काय होती, ते तिला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती आणि सीताबाईनं तीन प्रदक्षिणा घातल्या, महाराजांना आत नेलं, पाटावर बसवून पाय धुतले. टाचा भेगाळून दगड झाल्या होत्या. मग म्हणायचं असतं ते ती म्हणू लागली, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी. मनशुद्धी म्हणताना जीभ अडखळली, पण उपाध्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

महाराज उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. सीताबाईनं पाणी घालायला तांब्या उचलला, तर त्यांनी नजरेनंच आधी अन्न असं सुचवलं. अक्काताईनं दुधात कुस्करलेली भाकरी तळव्यावर ठेवली. त्यांनी ती बघितली, उलटसुलट केली, तोंडात घातली. दुसरा घास. तिसरा. अक्काताईला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. चौथा घास ठेवायला ती वाकली, आणि ती ओंजळ तिला जवळून दिसली, बोटं घट्ट मिटून कडा किंचित वर धरलेली, पाटाचं पाणी सांडू नये म्हणून धरायचा तशी. तेरा वर्षं अडवून धरलेलं पाणी डोळ्यांतून आलं. तिनं मान वळवायचा प्रयत्न केला. एक थेंब त्या घासावर पडला.

महाराजांनी बोटं सोडली. घास खालच्या ताटलीत पडला. ते खाली बसले.

"अंतराय," उपाध्ये म्हणाले. आहार मोडला होता. आता पाणीही नाही. सीताबाईच्या हातातला तांब्या भरलेलाच राहिला. महाराजांना पुढं चार कोस चालायचं होतं, आणि पाण्याचा थेंब उद्या दहा वाजेपर्यंत त्यांच्या तोंडात जाणार नव्हता. जिनं त्याला दोन वर्षांचा असल्यापासून भरवलं, तिनंच त्याला उपाशी काढला होता. महाराज शांतपणे उठले, मोरपिसांची पिंछी घेतली आणि बस्तीकडं चालू लागले.

अक्काताईला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. दुपारी विहाराची, पुढं निघायची तयारी झाली तेव्हा ती बस्तीत गेली आणि सगळ्यांच्या मागं उभी राहिली. माणसं पाया पडून बाजूला होत होती. तिची पाळी आली तशी ती जमिनीवर डोकं टेकून म्हणाली, "माझ्यामुळं उपास घडला महाराज. मला माफी करा."

"दोष तुमचा नाही, बाई," महाराज म्हणाले. "अंतराय ज्याच्या-त्याच्या कर्मानं येतो."

बाई म्हणाले. तो शब्द तिला लागला. पण ती उठली नाही. लोक खोळंबले होते, उपाध्ये खाकरले, तरी ती तशीच बसून राहिली. शेवटी तिनं वर न बघता विचारलं, "काय तरी पोटात गेलं का न्हाय?"

मुनीला घास मोजूनच खायचे असतात, बत्तीसच्या वर नाहीत, हा नियमच आहे. म्हणून त्यांना आकडा ठाऊक असण्यात नवल काही नव्हतं. पण ते बोलले तेव्हा आवाज बदलला होता, असं अक्काताईनं पुढं जन्मभर सांगितलं, आणि तिथं उभ्या असलेल्या कुणीही तिला खोटं पाडलं नाही.

"तीन," महाराज म्हणाले. "शाळू आपल्या विहिरीवरच्या तुकड्यातला होता."

आपल्या, म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि क्षणभरानं उठून चालायला लागले. सारा गाव वेशीपर्यंत त्यांच्यामागं गेला. अक्काताई गेली नाही. ती आडवाटेनं मळ्यात आली.

नबीलाल कोबीच्या गड्ड्यांची बुट्टी सायकलीला बांधत होता. त्याला आमच्या रीतिभातीतलं फारसं ठाऊक नव्हतं. त्यानं तिला बघून सहज विचारलं, "जेवलं का महाराज?"

"तीन घास," अक्काताई म्हणाली. "माझ्या हातचं."

नबीलालनं तिच्या तोंडाकडं बघितलं, सायकल झाडाला टेकवली आणि बांधावर बसला. अक्काताई वाफ्याच्या कडेला मातीतच बसली आणि पदर तोंडाला न लावता, आवाज न दाबता, मोकळी रडली. इथं तिच्या रडण्यानं कुणी उपाशी राहणार नव्हतं.